लाल टोपणाची सुई

माझी थोरली बहीण रिठदहून आमच्याकडे मेडशीला राहायला आली ती डोळ्यांमुळे. तिला आम्ही बाई म्हणतो. वीस वर्षांच्या साखरेनं तिची नजर अधू केली होती आणि सिरिंजवरच्या रेषा तिला दिसेनाशा झाल्या होत्या. मेहुणे जाऊन वर्ष उलटलं होतं. मी एसटीत कंडक्टर होतो, नुकताच निवृत्त झालो होतो. तिला दिवसातून दोन वेळा इन्सुलिनची सुई द्यायचं काम मी आनंदानं घेतलं. कपड्यांच्या पिशव्यांबरोबर तिनं झाकणाच्या टोपलीत आपली मांजर आणली होती. राखाडी पट्ट्यांची, चांगली जाडजूड.

पुढच्या उन्हाळ्यात ती मांजर वाळायला लागली. खायची भरपूर, पाणी प्यायची त्याहून जास्त. एकदा अंगणातल्या मातीत ती मुतली तिथं मुंग्यांची रांग लागलेली माझ्या बायकोनं पाहिली आणि ती म्हणाली, "बाईचंच दुखणं लागलं वाट्टे इले."

आम्ही हसलो. पण अकोल्याच्या जनावरांच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं तर खरंच साखर होती.

डॉक्टर तरुण होते, सांगताना घाई करत नव्हते. मांजरीला इन्सुलिन माणसाचंच द्यायचं, पण शंभरचं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये शंभर युनिट असलेलं. बाईचं होतं चाळीसचं. शंभरचं औषध जास्त तेज, म्हणून त्याची सिरिंजही वेगळी, केशरी टोपणाची. बाईची लाल टोपणाची. "अदलाबदल अजिबात करायची नाही," ते दोनदा म्हणाले. मी मान हलवली. सगळा जन्म बसच्या गर्दीत तिकिटांचा हिशेब ठेवलेल्या माणसाला दोन टोपणांचे रंग काय शिकवता, असंही मनात आलं.

घरी त्याचा नेम बसला. आधी मांजरीला खायला द्यायचं, तिनं खाल्लेलं पाहायचं, मग मानेमागची कातडी चिमटीत धरून एक युनिट टोचायचं. बाई तिला मांडीवर घेऊन बसायची. मांजरीचं झालं की बाई स्वतःचा पदर बाजूला करून पोट पुढं करायची आणि म्हणायची, "आता मोठ्या मांजरीले दे." महिन्या-दोन महिन्यांत मांजरीच्या अंगावर पुन्हा मांस दिसू लागलं.

आमचं सोयाबीन निघालं त्या आठवड्यात केशरी सिरिंजा संपत आल्या. त्या वाशिमहून आणाव्या लागत. मळणीयंत्र वावरात उभं होतं, वर आभाळ आलेलं, आणि मी उद्या जाऊ, उद्या जाऊ करत राहिलो. एका सकाळी पाकीट उघडलं तर रिकामं. शेजारी बाईच्या लाल सिरिंजांचा डबा होता. मी एक उचलली. डॉक्टरांचं बोलणं आठवलं नाही असं नाही. आठवलं. पण एक युनिट म्हणजे एक रेष, एका दिवसानं काय होतं, असं म्हणून मी त्या सिरिंजेत एक रेष भरली आणि टोचली. लाल सिरिंजेतली एक रेष म्हणजे त्या तेज औषधाचे अडीच युनिट होतात, हे तेव्हा मी मांडून पाहिलं नाही. बाई मांडीवर मांजर घेऊन बसलेली होती. तिला टोपणाचा रंग दिसला नाही.

दुपारी जेवायला वावरातून आलो तर बाई ओसरीवर ओरडत होती. मांजर भिंतीला धडकत चालत होती, मग आडवी पडली आणि तिचे पाय झटके देऊ लागले. तोंडातून लाळ. मला त्या क्षणी कळलं. बाईच्या साखर मोजायच्या मशीनवर मांजरीच्या कानाचं रक्त लावलं तर आकडा आलाच नाही, यंत्र नुसतं "लो" दाखवत राहिलं. बाईसाठी घरात ग्लुकोजची पूड असायची. ती पाण्यात कालवून मी बोटानं मांजरीच्या हिरड्यांना चोळली. बायकोनं डॉक्टरांना फोन लावला. चोळत राहा आणि घेऊन या, ते म्हणाले.

अकोल्याची बस मिळाली. कंडक्टर ओळखीचा होता, त्यानं पुढची सीट रिकामी करून दिली. पातूरचा घाट उतरेपर्यंत बाई मांडीवरच्या टॉवेलात बोट घालून हिरड्या चोळत होती. मागून कुणी तरी म्हणालं, "मांजरीसाठी कायले एवढं करून राह्यले हो?" बाईनं मागं वळूनही पाहिलं नाही.

दवाखान्यात मांजरीला सलाइन लागलं. डॉक्टरांनी मला विचारलं, "सकाळी किती दिलं होतं?"

"एक," मी म्हणालो.

एक रेषच तर भरली होती. हे उत्तर मी बसमध्येच तयार करून ठेवलं होतं, हे आज कबूल करतो.

"पोटभर जेवली होती?"

यावर बाई बोलली. "मी ठेवलं व्हतं तिच्यापुढं. खाल्लं का नाही, पाह्यलंच नाही मी. मले कुठी दिसते साहेब?" आणि ती तोंडाला पदर लावून रडायला लागली. मांजरीनं खाल्लं होतं. मी पाहिलं होतं. ताटली चाटून पुसून ठेवली होती तिनं. तरी मी गप्प बसलो.

डॉक्टर म्हणाले, कदाचित हिची गरजच कमी झाली असेल, काही मांजरांची साखर आपोआप उतरते. त्यांनी सध्या इन्सुलिन बंद करायला सांगितलं. संध्याकाळी मांजर उठून बसली. आम्ही परत आलो.

पुढचे दोन आठवडे माझ्या आयुष्यातले वाईट दिवस होते. मांजर पुन्हा पाण्याच्या भांड्याशी बसू लागली. मशीनवर आकडा रोज चढत होता. मग तिच्या मागच्या पायांची चाल बिघडली. पंजे टेकवण्याऐवजी ती टाचा जमिनीला घासत चालायची. इकडे बाई दोन घास खाऊन उठायची. "माह्या डोयानं तिचा घात केला," असं भिंतीकडे पाहून बोलायची. मी ऐकायचो आणि बैलांना चारा टाकायला निघून जायचो.

वापरलेल्या सुया आम्ही दोन वेगळ्या बाटल्यांत टाकत असू, एक बाईची, एक मांजरीची. बायको एका सकाळी मांजरीची बाटली हातात घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. केशरी टोपणांत एक लाल टोपण होतं.

"हे काय व्हय?" तिनं विचारलं. "आजच्या आज सांगा बाईले. तुमी नाही सांगतलं तं मी सांगन."

बाई ओसरीवर तूर निवडत बसली होती, म्हणजे बोटांनी चाचपत होती. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. रिकामं पाकीट, लाल सिरिंज, डॉक्टरांना दिलेलं उत्तर. तिचे हात सुपात थांबले.

"खाल्लं व्हतं तिनं?"

"व्हय. सगळं."

"अन् तुले ठाऊक व्हतं. मी रडून राह्यली व्हती तवा बी."

"व्हय, बाई."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "सुई चुकली त्याचं काई नाही. चुकते माणूस. पण पंधरा दिवस तू मले आंधयी म्हणून वापरलं." आणि सूप बाजूला सारून आत गेली.

मी लगेच डॉक्टरांना फोन करून खरं सांगितलं. ते म्हणाले, "हे त्याच दिवशी कळलं असतं तर इन्सुलिन बंद केलं नसतं." त्यांनी ते पुन्हा सुरू केलं. साखर खाली आली, मांजर सावरली, पण मागचे पाय पुरते सुधारले नाहीत. बाईच्या खाटेवर तिला उचलूनच ठेवावं लागतं.

त्या संध्याकाळपासून बाई माझ्याकडून सुई घेईना. मांजरीला मी द्यायचो, बाई तिला धरायची, आणि ते झालं की काठी घेऊन गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या, गावच्या आरोग्याचं काम पाहणाऱ्या आशाताईकडे सुई घ्यायला जायची. सुई टोचायला घाबरणारी माझी बायको नुसती सोबत जायची. घरात सुई देणारा भाऊ असताना ही बाहेर का जाते, असं लोक विचारू लागले. बाई सांगायची, "त्याले वावराचं काम असते." माझी लाज तिनं अशी झाकली. तेही मला सहन होत नव्हतं.

उन्हाळ्यात आशाताई चार दिवस प्रशिक्षणाला गेली. पहिल्या सकाळी बाई बराच वेळ ओसरीवर बसून राहिली. मग तिनं मला हाक मारली. मी सिरिंज भरली, बायकोकडून टोपण आणि रेषा तपासून घेतल्या. बाईनं तोंड दुसरीकडे केलं होतं.

"दे लवकर," ती म्हणाली, "पोहे थंडे होऊन राह्यले."

चार दिवस मी तिला सुई दिली. पाचव्या दिवशी आशाताई परतली आणि बाईनं कोपऱ्यातली काठी उचलली.