डोमाजींची मिशी

डोमाजींना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी त्यांचं सांत्वन केलं होतं. सानगडीजवळच्या त्या गावात मी मास्तर म्हणून नुकताच आलो होतो. आपल्याकडे मिशी उतरते ती आई किंवा बाप गेल्यावर. चाळिशी ओलांडलेला धिप्पाड शेतकरी, आणि ओठांवरची जागा ताजी मोकळी. मी चेहरा पाडून विचारलं, "वडील गेले का हो?" तशी ओसरीवरच्या बाजेवर पडलेला एक म्हातारा ताडकन उठून बसला.

"मी जित्ताच हावो ना, गुरुजी! दरसाल पोळा झाला का हा मले मारते!"

पोळा झाला की गावात नाटकाच्या तालमी सुरू होत. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरायची, आणि मंडईला नाटक नसलं तर पाहुणे येत नाहीत, मुलींची लग्नंसुद्धा अडतात, अशी गावाची खात्री होती. धान कापून झालेल्या बांधीत माती खणायची. निघालेल्या मातीचा ढीग म्हणजे रंगमंच. पडलेल्या खड्ड्यात धानाचं तणस अंथरलं की प्रेक्षकांची सोय झाली. राजा, सेनापती, हवालदार व्हायला अर्धं गाव तयार असे. बाईचं काम म्हटलं की सगळ्यांचे हात आपापल्या मिशीकडे जात. मग नाटक बसवणारे डोमाजीच आई होत.

"राजाले खोटी मिशी चालते, गुरुजी," ते म्हणत. "मायले खरी चालत नाही."

नाटकं बदलत. आई आणि तिचा मरणारा मुलगा मात्र बदलत नसत. मुलगा म्हणजे नथ्थू सुतार. मंचावर एकच माईक वरून टांगलेला असे, म्हणून तलवार कुठेही लागो, नथ्थू उठून माईकखाली चालत येई आणि तिथे मरे. डोमाजी तालमीत ओरडत, "मेला ना बे तू? मंग चालून कायले रायला?" मी नाटकावरची पुस्तकं वाचलेला माणूस, त्यामुळे मला हवालदाराचं काम मिळालं. वाक्यं दोन. त्यातलं एक, "माय, तुझा पोरगा पडला."

नाटकाआधी उद्घाटन असे आणि भाषणं असत. ती लांबली की डोमाजी लुगडं नेसून सरळ मंचावर येत आणि बोलत्या अध्यक्षांच्या पायाशी चूल मांडत. "बाईमानसाचं घर हाये, अध्यक्षसाहेब. थोडे सरका." एवढं परिणामकारक आभारप्रदर्शन मी दुसरीकडे पाहिलं नाही.

नाटक संपून उजाडलं की गावातल्या बाया पुढे येत आणि त्या आईची ओटी भरत. आत डोमाजी आहेत हे सगळ्यांना ठाऊक असे. तरी डोळे पुसत त्या तांदूळ-नारळ घालत, आणि डोमाजीही पदर पसरून, मान खाली घालून ते घेत.

ऐंशी सालाच्या आसपास आजूबाजूच्या गावांत नागपूरहून नट्या येऊ लागल्या. आमच्या नाटकमंडळानेही ठरवलं की यंदा खरी बाई आणायची. डोमाजींनी एकच विचारलं, "आतापावतरची माही माय खोटी होती का गा?" त्या वर्षी पोळा झाला आणि डोमाजींनी मिशी ठेवली. म्हातारा बाप तेवढा खूश झाला.

ते तालमीला येत, पण आईच्या जागी कोणाला उभं करत नसत. नटी येणार ती प्रयोगाच्या दिवशीच, आणि पडद्यामागून जे सांगतील ते बोलून जाणार. इतकी वर्षं जपलेली बाई आता नुसती ओरडणारी बाहुली होईल, हे त्यांना खात होतं.

नागपूरची नटी, शालिनीबाई, मंडईच्या दुपारी आल्या. लगेच तालीम घेतली, मी माझं वाक्य म्हटलं. त्यांनी किंकाळी फोडली आणि बरोबर माईकखाली पडल्या.

"बाई," डोमाजी म्हणाले, "बातमी आली तवा हातात का होतं तुमच्या?"

"काहीच नाही."

"काहून नाही? सांजची वेळ हाये. पोरगा जेवाले येनार होता."

मग ते स्वतः चुलीपाशी बसले. धोतर, कानावर बिडी, भरघोस मिशी. मी पुन्हा म्हटलं, "माय, तुझा पोरगा पडला." त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. झाकण उघडून भात पाहिला. झाकण परत ठेवलं. चुलीतलं लाकूड मागे ओढलं, आणि नसलेल्या पदराला हात पुसला. इतकंच. कोणी हसलं नाही. मी खरोखरच कोणाच्या तरी घरी तो निरोप घेऊन आलोय असं वाटून मला तिथून पळून जावंसं झालं.

शालिनीबाईंनी विचारलं, "काकाजी, झाकण कोणत्या हातानं ठेवू?"

"घरी ठेवता त्याच हातानं."

प्रयोगात त्यांनी झाकण ठेवलं, लाकूड ओढलं. आणि मग मुलासाठी मांडलेला पाट उचलून हळूच भिंतीला टेकवून ठेवला. हे कोणी शिकवलेलं नव्हतं. खड्ड्यातल्या बाया हुंदके देऊ लागल्या. आडोशाला उभ्या डोमाजींनी माझा दंड करकचून धरला. "गुरुजी, हे मले काहून नाही सुचलं?"

सकाळी बाया ओटी घेऊन सवयीने त्यांच्याकडे वळल्या. त्यांनी मिशीवर हात फिरवला. "माय तिकडे हाये," म्हणाले आणि बैलांना पाणी दाखवायला गेले.

पुढची काही वर्षं त्यांनी नाटकं बसवली, शालिनीबाईच येत राहिल्या. मग एका दिवाळीच्या तोंडावर, धान कापणीला आलं असताना, ते गेले. मुलगा नव्हता, पुतण्याने अग्नी दिला. दहाव्याला तलावाच्या पाळीवर पुतण्याचं क्षौर आटोपलं, तसा नथ्थू सुतार न्हाव्यापुढे जाऊन बसला.

न्हावी म्हणाला, "तू कोन लागते बे त्याचा?"

"माय होती ना माही," नथ्थू म्हणाला.

न्हाव्याने वस्तरा ओला केला. नथ्थूच्या मागे सेनापती बसला, त्याच्यामागे राजा. असल्या रीतींवर माझा विश्वास नाही, हे मी गावाला अनेकदा सांगितलेलं होतं. मी राजाच्या मागे बसलो.

त्या मंडईला आम्हा सगळ्यांना खोट्या मिशा चिकटवाव्या लागल्या. निरोप ऐकून झाकण उघडलं गेलं, आणि माझी मिशी गळून नेमकी भातात पडली. शालिनीबाईंनी एकदा भाताकडे पाहिलं, आणि त्यावर झाकण ठेवलं.