विहीणबाईंचे काळे पाय

हसणार असाल ना, तर आत्ताच हसून घ्या. मधे हसलात तर मी सांगायची थांबेन. चहा निवतोय, घ्या आधी. तर माझ्या अमोलच्या लग्नात मी जी माती खाल्ली, ती अजून आठवली की पदर तोंडावर घेते!

मे महिना. लग्न वडूजला, मुलीच्या गावी. सांगलीहून निघताना अमोल हात जोडून म्हणाला, "आई, चार वर्षं बघत होतो, तेव्हा कुठं जमलंय. माणसं चांगली आहेत. तिथं कशालाही घाण म्हणू नकोस, एवढंच कर."

आता मला जरा स्वच्छतेची सवय आहे, बरं का. लोक त्याला खोड म्हणतात, म्हणोत बापडे. पण पोराला शब्द दिला.

सकाळी कार्यालयात उतरलो तर माझे पाय वरवंट्यासारखे जड! आठवडाभर उन्हात पत्रिका वाटत हिंडले होते, त्यात अडीच तास गाडीत पाय लोंबकळलेले. पाऊल उचलेना. माझी धाकटी बहीण मंदा म्हणाली, "ताई, तूप लावून काशाच्या वाटीनं तळपाय घासून देते. सगळी उष्णता ओढून घेते बघ ती."

"अगं, पण इथं काशाची वाटी कुठून आणणार?"

कुठून म्हणजे? रुखवतात होती की! मुलीकडच्यांनी मांडलेल्या भांड्यांत, चकचकीत, कोरी. म्हटलं, पाच मिनिटांसाठी उसनी घेऊ. विचारायचं तेवढं राहिलं. निरांजनासाठी आणलेलं तूप आमच्या खोलीत होतंच.

आणि काय सांगू! वाटी तळव्यावर गोल गोल फिरायला लागली आणि मी गेलेच. थेट वाईला, माहेरी. कृष्णेचा घाट. मी नऊ-दहा वर्षांची, परकर खोचून पायरीवर बसलेली. पाय पाण्यात, पाणी थंडगार. बारके बारके मासे बोटांना लुचतायत. पलीकडून देवळातली घंटा ऐकू येतेय आणि कुणी म्हणून मला हाक मारत नाहीये. लग्न, मानपान, पाहुणे, सगळं पाण्याबरोबर हळूहळू वाहत चाललंय आणि मी नुसती बघतेय. जाऊ दे म्हटलं.

मधेच मंदाला कुणी फेटे बांधायला बोलावून नेलं. ती कधी उठून गेली, मला पत्ता नाही.

"आवं विहीणबाई, चला, पाय धुवायचं हायत तुमचं!"

दारात मुलीची आई, शालनताई. शेतात राबणारी, मायाळू बाई. मी तशीच अनवाणी, अर्ध्या झोपेत तिच्यामागून गेले. चौरंगावर बसले, परातीत पाय ठेवले. तिनं पाणी ओतलं. पुन्हा कृष्णा! माझे डोळे मिटले.

"अगं बया!" कुणीतरी ओरडलं.

डोळे उघडते तर परातीतलं पाणी काळं! समोर पन्नास बायका आणि व्हिडिओवाला. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "शालनताई, अहो तुमच्या कार्यालयाची फरशी! किती ही घाण!"

पलीकडे मुंडावळ्या बांधून उभ्या असलेल्या अमोलनं कपाळाला हात लावला.

शालनताईचं तोंड एवढंसं झालं. मुलीचे वडील माजी सुभेदार. त्यांनी हुकूम सोडला, "फरशी पुसा रं! सगळी!" झालं! बादल्या आल्या, फिनेल आलं, मुलीचे दोन चुलते फेट्यासकट फरशी पुसायला बसले. पाहुणे खुर्च्यांवर पाय वर घेऊन बसलेले. भटजी ओरडतायत, "अहो, मुहूर्त!"

दुसरी परात आली. पाणी पुन्हा काळं.

मी गप्प बसावं की नाही? पण नाही! उलट पुरावा दिला. "ते बघा ना, बोळातल्या फरशीवर ठसे! काळेकुट्ट!"

सुभेदार वाकले. एक ठसा बघितला. मग त्याच्या मागचा. असे एकेक ठसा बघत बघत ते थेट आमच्या खोलीत शिरले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात तुपानं माखलेली, काळीभोर काशाची वाटी.

धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. "फरशी नाही हो," मी कशीबशी म्हणाले, "माझेच पाय आहेत. चुकलं माझं." आणि खरंच रडू फुटलं. एवढा एकच शब्द मागितला होता पोरानं!

शालनताईनं माझा पाय सरळ मांडीवर घेतला, नव्या शालूवर. "आवं, रडताय काय? तूप आन् काशाचं काळं निघतंयच. बेसनानं धुतलं की जातंय. लय जड झालं हुतं व्हय पाय? मग मला सांगायचं न्हाई व्हय?"

तिनं बेसन मागवलं आणि घासून पाय धुतले. माझ्यामुळं लग्न मात्र उशिरा लागलं.

वाटी सुनेबरोबर आमच्याकडेच आली. परवा ऊन तापलं, माझे पाय पुन्हा जड झाले, तर पोरगी आपणहून तूप घेऊन बसली. वाटी फिरायला लागली. घाट दिसला, पाणी आलं, मासेही आले. डोळे मिटणार, तेवढ्यात कानाशी हळूच आवाज:

"आई, निवांत झोपा तुमी. तुमी उठायच्या आत मी फरशी पुसून घेते."