बायको सामानाच्या डब्यात

बायकोच्या दहाव्याला कावळा शिवेना. आपटा गावच्या नदीवर ऊन डोक्यावर आलं, भटजीचं दोनदा घड्याळ बघून झालं, आणि वर फांदीवर चार कावळे लग्नातल्या पाव्हण्यांसारखे पंगत बघत बसले होते. मुलगा म्हणाला, "आई, बाबांना नीट सांभाळीन." कावळा ढिम्म. खरं-खोटं त्यालाही कळतं. सून म्हणाली, "तुमची तुळस सुकू देणार नाय." तरी नाय. हिचा भाऊ माहेराहून, चिपळूणच्या पलीकडून आला होता, त्यानं हात जोडून काहीबाही कबूल केलं. शेवटी माझं टाळकं सरकलं. भूकही लागली होती. मी ओरडलो, "चल, नेतो तुला माहेरी सायकलवर! आता तरी ये!"

आला. सरळ पिंडावरच बसला.

मला विचाराल तर शेजारी दुसऱ्या कोणाचा दहावा चालला होता, तिथला भात संपला म्हणून तो आमच्याकडं वळला. पण हे कोणाला सांगता? वीस माणसांनी ऐकलं होतं.

मी चाळीस वर्षं पनवेलमधी सायकलवर दूध घातलं. दोन्ही बाजूला कॅन, मधी कॅरिअर. सकाळी कॅन, संध्याकाळी बायको. बाजार, दवाखाना, बेलपाड्याच्या सोयऱ्यांकडची बारशी, सगळं तिनं त्या कॅरिअरवर बसून केलं. हाडांना टोचतं म्हणून तिनं कॅरिअरच्या मापाची गोधडी शिवली, चारी कोपऱ्यांना नाड्या लावून बांधली. सायकल चालू झाली की दोन पावलं पळून टुणकन बसायची. आणि रागावली की मधेच तशीच उतरायची. एकदा मी बाजारातून घरापर्यंत बडबडत आलो, दारात मागं बघतो तर गोधडी मोकळी.

लग्न झालं त्या महिन्यात मी फुशारकी मारली होती, तुला एकदा माहेरी सायकलवरच नेईन. ते तिनं जन्मभर धरलं. भांडण आमटीतल्या मिठावरून सुरू होवो, संपायचं तिथंच. "आला मोठा नेणारा!" मी म्हणायचो, पाऊस जाऊ दे. पाऊस जायचा, पुन्हा यायचा. मग तिचे गुडघे गेले, मग साखर वाढली, मग तीच गेली.

दिवाळीनंतर निघालो. मुलगा म्हणाला, "बाबा, डोकं फिरलं काय तुमचं? गाडी करून देतो." म्हटलं, कावळ्याला गाडी सांगितली नव्हती. पळस्पे फाट्याला गोव्याचा रस्ता धरला. पिशव्या सगळ्या हँडलला, कॅरिअरवर फक्त गोधडी. एका टपरीवाल्यानं सांगितलं, "आजोबा, सामान मागं बांधा की, हात दुखतील." मी म्हटलं, "मागं माणूस हाय." त्यानं मागं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि चहात न मागता साखर जास्त घातली.

सात दिवस लागले. घाट सगळे ढकलत चढलो. उताराला तोंडातून आपोआप निघायचं, "घट्ट धर गं." ती सवय, दुसरं काय नाय. भुताखेतांवर माझा विश्वास नाय. ती खरंच मागं असती तर सात दिवस गप्प बसली असती काय?

माहेरी पोचलो तर हिची वहिनी भाकरतुकडा घेऊन दारात. माझ्यावरून ओवाळला, मग कॅरिअरवरून ओवाळला, आणि पायरीवर बसून रडायलाच लागली. मी डोळे पुसले. रस्त्यात धूळ फार होती.

चार दिवस खाल्लं-प्यायलं. गुडघ्यांचे नारळ झाले होते. मी मेव्हण्याला म्हटलं, "सायकल ठेव तुला, मी गाडीनं हात हलवत जातो. माझं काम झालं."

"असं कसं भावजी?" तो म्हणाला. "माहेरी आलेली बाई माहेरीच टाकून जायची? तुमच्याकडं आहे काय ही रीत?"

"कावळ्याशी ठरलं ते न्यायचं. आणायचं ठरलं नव्हतं."

वहिनी आतून आली. ओंजळीत तांदूळ, वर नारळ, खण. तिनं सगळं गोधडीवर ठेवलं आणि त्याच नाड्यांनी करकचून बांधलं. "माझी नणंद सवाष्ण गेली, ओटी भरल्याशिवाय पाठवायची नाय मी. आणि कावळ्याचं काय घेऊन बसलात? ती तुम्हाला सोडून कधी चार दिवस तरी राहिली काय हितं?"

कधीच राहिली नव्हती. तिसऱ्या दिवशी परत, आणि आल्याआल्या विचारायची, चूल का थंड?

म्हणजे आता तिला माझ्या दारापर्यंत पोचवली तरच शब्द पुरा. नायतर अर्धाच, आणि वर तिचं "आला मोठा नेणारा!" ऐकून घ्यावं लागणार. पाय तर संपलेले. म्हणून रेल्वे.

स्टेशनावर सायकल सामानात नोंदली. डब्यात चढवणारा हमाल दांडगा. सायकल आडवी लावली आणि सुपारीचं पोतं उचलून थेट कॅरिअरवर. मी ते खाली ओढलं.

"ओ काका, देव बसवलाय काय तिथं?"

"बायको बसलीय."

"मग तिचं तिकीट काढलंत?"

प्रश्न बरोबर होता. मी म्हटलं, "सामानात काढलंय." तो असा हसला की पुढची पोती चढवायची राहिली. पण गाडीनं शिटी दिली, मला पुढच्या डब्याकडं पळावं लागलं, आणि मागं वळून बघतो तर दार लागता लागता तो तेच पोतं पुन्हा उचलत होता.

डब्यात समोर उरणचे एक मुसलमान गृहस्थ, माझ्याच वयाचे. केळं सोलता सोलता विचारलं, "एकलेच काय, भाई?"

"नाय. बायको मागं सामानाच्या डब्यात हाय."

केळं तिथंच थांबलं. "मय्यत?"

"सायकलवर," मी म्हटलं.

बिचारे खिडकीकडं सरकले. मग मीच सगळं सांगितलं, कावळ्यापासून पोत्यापर्यंत. पोट धरून हसले, डोळे पुसले, आणि म्हणाले, "माझीला मी सामानाच्या डब्यात घातली असती, तर ती पहिल्याच स्टेशनाला उतरून बापाकडं गेली असती."

ते गमतीनं बोलले. मी मात्र उठून दाराशी गेलो. पोतं अंगावर आलं असणार, ही चिडली असणार, आणि चिडली की मधेच उतरायची हिची जुनी खोड. त्यानंतर गाडी थांबेल तिथं मी मागं पळायचो. दार बंद. गार्ड ओरडायचा, "ओ आजोबा, काय पाहिजे?" काय सांगणार?

पनवेलला दार उघडलं. पोतं गोधडीवरच होतं. उरणच्या भाईंनी आणि मी मिळून ते ढकललं. नारळाला चीर गेली होती, तांदूळ सांडले होते. त्या हमालाला मी ज्या शिव्या घातल्या त्या हितं लिहीत नाय. भाई म्हणाले, "आल्या असतील हो. बघा बसून." आणि सलाम करून बाहेर गेले.

स्टेशनाबाहेर येऊन टांग मारली. पॅडल दाबलं, तर सायकल हलेना. दोन्ही पायांनी जोर लावला तेव्हा कुठं चाक फिरलं. मागं जड. चांगलंच जड.

एवढा आनंद मला मुलगा झाला तेव्हासुद्धा झाला नव्हता. "चार दिवस माहेरी खाल्लंस, दिसतंय," मी म्हटलं. "वहिनीनं घावणे घातले, तू कशाला नाय म्हणतेस." गुडघे बोंब मारत होते, मागून रिक्षावाला भोंगा वाजवत होता, आणि मी घाम पुसत तिला सासूच्या वरताण ऐकवत चाललो होतो.

कोपऱ्यावर पंक्चरवाला बसतो. मला वर्षानुवर्षं ओळखतो. लांबूनच ओरडला, "ओ दूधवाले, मागच्या चाकात हवा नाय तुमच्या! पार बसलंय!"

चाळीस वर्षं मी कॅन वाहिले. वजन कुठलं आणि बसलेलं चाक कुठलं, हे मला झोपेत कळतं. स्टेशनाबाहेर पहिल्याच पॅडलला कळायला पाहिजे होतं. मी खाली बघितलंच नव्हतं.

तो पंप घेऊन रस्त्यात आला. "उतरा खाली, दोन मिनिटांत भरून देतो. अशी चालवलीत तर टायर जाईल, रिम जाईल."

"जाऊ दे," मी म्हटलं. "आत्ता नको. हिला घरी सोडतो आणि येतो."