डावा हात

कॅनडात, व्हिटबीतले आमचे उइगुर शेजारी बर्फ पडला की आधी माझा ड्राइव्हवे फावड्याने साफ करतात, मग स्वतःचा. चीनमध्ये उइगुरांसाठीच्या छावणीत डांबलेल्या त्यांच्या भावाचा विषय निघाला, की मी विचारायचो, "पुरावा काय?" ते कधी चिडले नाहीत.

रविवारी त्यांनी तिकडून आलेला व्हिडिओ दाखवला. भाऊ चहा पीत "मी मजेत आहे" म्हणत होता.

"ठीक दिसतोय की!" मी म्हणालो.

"तो डावखुरा आहे. तुम्ही काटेकोर माणूस, कप कोणत्या हाताने किती वेळा उचलतो ते मोजून सांगा."

मी तीनदा पाहिला. त्याने कप अकरा वेळा उचलला, प्रत्येक वेळी उजव्या हाताने. डावा दिसलाच नाही.

"यातून काही सिद्ध होत नाही," मी म्हणालो.

"माहीत आहे."

त्यांनी व्हिडिओ पुन्हा लावला. आता मीही डाव्या हाताचीच वाट पाहत होतो.