हाताआडचं हसू

नलूमावशी हसायच्या तेव्हा त्यांचा डावा हात हसण्याच्या आधी तोंडापर्यंत पोचायचा. डावा, कारण उजव्यात नेहमी काहीतरी असायचंच: चहाचा कप, भाजीची पिशवी, नाहीतर विणकामाच्या सुया. पंजा पूर्ण पसरून ओठांवर, आणि वर फक्त हसणारे डोळे. त्यांच्या डोळ्यांची मला लगेच ओळख झाली. खालचा चेहरा नीट बघायला मात्र बराच काळ जावा लागला.

पहिली भेट लिफ्टमधली. नोएडाच्या ऑफिसात नोकरी लागली म्हणून मी पुण्याहून गाझियाबादच्या या सोसायटीत नुकती राहायला आले होते, आणि ज्याला त्याला नावं ठेवणं हा माझा पूर्णवेळ उद्योग होता. फोनवर आईला बिनधास्त मराठीत सांगत होते, "अगं, इथे सगळे निवांत टक लावून बघतात. आत्ता लिफ्टमध्ये एक बाई आहेत, माझ्या पिशवीत असं बघतायत जणू मी बॉम्ब आणलाय." कोपऱ्यातल्या बाईंचे खांदे हलायला लागले. तोंडावर हात. मग हाताआडूनच आवाज आला, "आमसुलं आहेत का हो ती? इकडे बरी मिळत नाहीत, म्हणून बघत होते."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. संध्याकाळी अर्धी आमसुलं वाटीत घालून मी वरच्या मजल्यावर त्यांच्याकडे गेले, आणि जी गेले ती पुढची सगळी वर्षं जातच राहिले.

नलिनी आवटी मूळच्या मिरजेच्या. केंद्र सरकारच्या एका खात्यात कारकून म्हणून बाविसाव्या वर्षी दिल्लीला आल्या, आणि सेक्शन ऑफिसर होऊन निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही. आधी बायकांचं हॉस्टेल, मग सरकारी क्वार्टर, आणि शेवटी स्वतःचा हा दोन खोल्यांचा फ्लॅट. सोसायटीत त्या 'आवटी मॅडम' होत्या. मी मावशी म्हणायचे आणि त्या मला, चिडवायचं असेल तेव्हा, 'पुणेकर'. बोलताना मध्येच 'बिल्कुल' आणि 'अच्छा' यायचं, पण राग आला की शुद्ध मिरजेचं मराठी. राग मात्र क्वचितच. कुठलीही अडचण सांगा, त्यांचं ठरलेलं उत्तर असायचं, "पुटअप झालंय ना? मग आता बसायचं." ऑफिस सुटलं तरी फाइल साहेबांपुढे 'पुटअप' करणं त्यांच्या बोलण्यातून गेलं नव्हतं.

हाताची गोष्ट त्यांनी एका थंडीत, गच्चीवर उन्हात मटार सोलताना सांगितली. दात लहानपणापासून पुढे. "म्हणजे किती? तर वरच्या ओठाला मिटायच्या आधी जरा विचार करावा लागायचा." एकविसाव्या वर्षी एक स्थळ बघायला आलं. पोहे झाले, चहा झाला, मुलाचा काका काहीतरी गमतीचं बोलला आणि या मनापासून हसल्या. निघताना मुलाची आई यांच्या आईला म्हणाली, "मुलगी चांगली आहे हो, फक्त हसू नको म्हणावं."

"मग?" मी विचारलं.

"मग काय, परीक्षेचा फॉर्म भरला आणि इकडे आले. त्या लग्नाचं मला काही नाही गं, तो माणूस नाकात बोलायचा. पण ते वाक्य मात्र माझ्याबरोबर दिल्लीला आलं."

मला त्या बाईचा इतका संताप आला की हातातल्या शेंगेचा चेंदामेंदा झाला. मावशींनी शांतपणे मटारचे दाणे माझ्यासमोरून उचलून घेतले.

भाच्याचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी दात करून घ्यायचं मनावर घेतलं. मिरजेत लग्न, सगळं गणगोत जमणार. "इतक्या वर्षांत घरातल्या एकाही लग्नात माझा धड फोटो नाही. सगळीकडे हात. एकदा, फक्त एकदा, मला हात खाली ठेवून फोटो काढायचाय." एवढंच मागणं. त्यासाठी नोएडातला एक चकाचक दवाखाना निवडला. तिथे काचेच्या पेटीत मासे होते, भिंतीवर हसऱ्या चेहऱ्यांचे फोटो होते आणि तरुण डॉक्टरनं कॉम्प्युटरवर मावशींचं भावी हास्य करून दाखवलं होतं. मूळचे दात घासून त्यांच्यावर नवी कवचं बसवायची, असं ते काम. मावशी हरखून गेल्या होत्या.

काम संपलं त्या संध्याकाळी माझी बेल वाजली. दारात मावशी, तोंडावर हात. आत येऊन बसल्या आणि हात काढला.

बाथरूमच्या नव्या टाइल्स बसवाव्यात तसे दात होते. सगळे एकाच उंचीचे, रुंद, आणि इतके पांढरे की निळसर झाक मारत होते. ओठ आधी विचार करून तरी मिटायचा, आता मिटतच नव्हता. माझ्या तोंडून निघून गेलं, "मावशी, हे कुणाचे दात?"

"मी तेच विचारलं. तो म्हणाला, आप ही के हैं आंटी."

आम्ही दोघी हसलो, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. हात पुन्हा तोंडावर गेला होता. हिरड्या सुजल्या होत्या, भाकरीचा तुकडा तोडता येत नव्हता. पण रडू त्याचं नव्हतं. आयुष्यभर जे झाकलं ते आता दुपटीनं झाकायची वेळ आली होती, आणि लग्न तोंडावर.

डॉक्टरचं म्हणणं एकच: "आदत हो जाएगी।" मावशी मला म्हणाल्या, "सवय तर मला आधीच्यांचीही झाली होती. मग हा खटाटोप कशाला केला?"

मी पेटले. ग्राहक मंचात जाऊ, नोटीस पाठवू, नेटवर असा रिव्ह्यू लिहिते की त्याच्या दवाखान्यात मासेसुद्धा राहणार नाहीत! मावशी ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "तुम्ही पुणेकर ना, आधी पाटी लावता, मग दार उघडता. थांब जरा."

आधी त्या शांतपणे गाझियाबादच्याच एका वयस्क दंतवैद्य बाईंकडे जाऊन आल्या. त्या डॉक्टर बाई म्हणाल्या, काम पक्कं आहे पण माप चुकलंय, आकारही आणि रंगही. ज्यानं केलं त्यानंच काढून पुन्हा करावं, आणि तोवर वरवर घासाघाशी करू देऊ नका. "अच्छा. म्हणजे केस आपल्या बाजूनं आहे," मावशी म्हणाल्या. "आता बसायचं."

बसायचं म्हणजे काय, ते त्यांनी मग समजावलं. त्यांच्या सेक्शनमध्ये पेन्शनच्या कामाला लोक यायचे. काही ओरडायचे, काही मंत्र्यांची नावं घ्यायचे. त्यांच्या फायली कुठे जायच्या ते विचारू नये. पण हरियाणाचे एक म्हातारे रोज यायचे, रामराम करून दाराजवळच्या स्टुलावर बसायचे. शेंगदाणे खायचे, येणाऱ्याजाणाऱ्याला विचारलं तर खरं खरं सांगायचे, आणि संध्याकाळी पुन्हा रामराम. "साहेबांना जेवण जाईना, पुणेकर! ओरडणाऱ्याला उत्तर देता येतं. बसणाऱ्याला काय देणार? आधी त्याचं काम करून टाकलं आम्ही."

तर मावशी रोज दुपारी मेट्रोनं नोएडाला जायला लागल्या. वेटिंग रूममध्ये माशांच्या पेटीशेजारची खुर्ची, हातात भाच्यासाठीचा अर्धा विणलेला स्वेटर. रिसेप्शनवरच्या मुलीला आवळासुपारी. तक्रार शून्य. एका शुक्रवारी मी लॅपटॉप घेऊन बरोबर गेले, कारण मला खात्री होती की त्यांना तिथे कुणीतरी गुंडाळतंय.

एक आई आणि तिची लग्नाळू मुलगी आल्या. मुलीला पुढचे दात करून घ्यायचे होते. तिनं सहज मावशींना विचारलं, "आंटी, आपने क्या करवाया?"

मावशींनी सुया मांडीवर ठेवल्या आणि मोकळं, रुंद हसून दाखवलं. "ये, बेटा। ऊपर के सारे।"

मुलगी एक पाऊल मागे सरकली. तिच्या आईनं जपून विचारलं, "आप... खुश हैं?"

"अभी तो नहीं। पर डॉक्टर साहब बहुत अच्छे आदमी हैं, ठीक कर देंगे। इसीलिए तो बैठी हूँ।"

आवाजात कडवटपणाचा लवलेश नाही. मायलेकींनी एकमेकींकडे बघितलं. "हम ज़रा सोचकर आते हैं," म्हणून त्या उठल्या. मला हसू आवरेना, मी लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. तेवढ्यात डॉक्टर बाहेर आला. बिचारा खरोखरच रडकुंडीला आलेला दिसत होता.

"आंटी, आप रोज़ क्यों आ जाती हैं?"

"घर पे अकेली बोर हो जाती हूँ, बेटा। यहाँ हीटर अच्छा है।" मग अगदी काळजीनं, "तुम्हें दिक्कत हो तो बाहर दरवाज़े के पास धूप में बैठ जाऊँ?"

"नहीं नहीं!" तो घाईघाईनं म्हणाला. "अंदर आइए।"

आत त्यानं मावशींना त्या मोठ्या खुर्चीत बसवलं नाही. साध्या खुर्चीत बसवलं, स्वतः समोर स्टुलावर बसला आणि विचारलं, "आपको कैसे चाहिए थे?" इतक्या दिवसांत हा प्रश्न पहिल्यांदाच आला होता.

"मेरे जैसे ही चाहिए थे। बस थोड़े अंदर, थोड़े छोटे। और इतने सफ़ेद नहीं, बेटा। सारी उम्र सरकारी चाय पी है, वो दिखनी चाहिए।"

डॉक्टर हसला. मग मान खाली घालून म्हणाला की त्यानं कॉम्प्युटरच्या चित्राकडे बघितलं, त्यांच्याकडे नीट बघितलंच नाही. सगळे पुन्हा करून देतो म्हणाला. माझा त्याच्यावरचा निम्मा राग तिथेच ओसरला. उरलेला पुढच्या वाक्यानं परत आला: आधी हिरड्या बऱ्या व्हायला हव्यात, मग मापं, मग नवे दात घडून यायचे. लग्नाच्या आधी जमणार नाही.

बाहेर ई-रिक्षात बसल्यावर माझं तोंड सुटलं. "ज्या लग्नासाठी सगळं केलं, त्यालाच हे पाटे मिरवत जायचं? जाऊ दे, तुमचं ते बसणं काय कामाचं? वरातीमागून घोडं!"

"अगं, त्या पोरीच्या आईचं तोंड बघितलंस का?" मावशी म्हणाल्या आणि हसायलाच लागल्या. रिक्षा खड्ड्यांतून उडत होती, त्या खळखळून हसत होत्या, आणि मी बघतच राहिले. एक हात रिक्षाच्या दांडीवर होता. दुसरा मांडीवरच्या लोकरीच्या पिशवीवर.

"मावशी, तुमचा हात!"

त्यांनी डाव्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. "अगंबाई, खरंच की." पिशवी सावरत म्हणाल्या, "तिथे रोज दिसेल त्याला दात दाखवायचे, तर हात मध्ये आणून कसं चालेल? कामाचा खोळंबा झाला असता." आणि पुन्हा, हळू आवाजात, "यापेक्षा वाईट आता कुणी काय बघणार गं!"

मिरजेहून त्यांनी फोटो पाठवले. सगळ्या फोटोंत ओझरतं बघणाऱ्यालाही आधी दात दिसतील, मग नवरानवरी. एकात भाच्याच्या गळ्यात हात टाकून, तोंड पूर्ण उघडं ठेवून मावशी हसतायत. कुणी चुलत बहीण म्हणाली म्हणे, "नले, दात केवढे गं ते!" यांनी सांगितलं, "हो, मोठे आहेत. लवकरच लहान होणार आहेत, तोवर बघून घे." तो फोटो मी कितीदा पाहिला असेन. इतका भयंकर आणि इतका सुंदर फोटो माझ्याकडे दुसरा नाही.

पुढे नवे दात बसले. डॉक्टरनं खिडकीशी, उजेडात नेऊन रंग ठरवला होता. घरी आल्या तेव्हा मला क्षणभर वाटलं की हे जन्मापासूनचेच दात, आणि हीच त्या कामाची शाबासकी. डॉक्टरला भिंतीसाठी फोटो हवा होता. मावशी म्हणाल्या, "लगा दो, पर पहले वाला भी साथ में।" त्यानं कुठलाच लावला नाही.

गेल्या वर्षी मिरजेतली त्यांची बहीण एकटी पडली, तेव्हा मावशींनी फ्लॅट विकून टाकला. निघायच्या दिवशी सामान खाली गेलं होतं. लिफ्टच्या दारात मला म्हणाल्या, "तू खाली येऊ नकोस. रडशील, आणि गार्डपुढे बरं दिसत नाही."

"मी कशाला रडतेय?" मी म्हटलं, आणि लगेच नाक ओढलं.

"पुणेकर, मी मिरजेला चाललेय, वैकुंठाला नाही."

"मग आमसुलं पाठवत जा," मी म्हणाले. "कुणी पिशवीत डोकावून बघायला तरी येईल."

त्या हसल्या. उजव्या हातात पिशवी होती. डावा हात वर आला, आणि जुन्या सवयीनं मला वाटलं, आता तोंडावर जाणार. तो तोंडावरून सरळ वर गेला आणि माझ्याकडे बघून हलायला लागला. दार बंद होईपर्यंत तो पूर्ण चेहरा मला दिसत होता. आणि इकडे हुंदका बाहेर पडू नये म्हणून माझा हात माझ्या तोंडावर.