खिडकीतल्या दोन करवंट्या

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नेरळच्या बाजारात मेथीची जुडी निवडत होतो. जुडी तशीच टाकून दादाच्या गावाकडं जाणारी कशेळ्याची जीप पकडली. महिना होत आला, मेथी घरात आणवत नाही... माझ्या या थोरल्या भावाची शेवटच्या वर्षातली सगळी तगमग त्या मेथीतच होती.

आमच्याकडे भात कापलं की त्याच ओलीवर वाल पेरतात. गेल्या वर्षी बेणणीला, तण उपटायला, माणसं मिळेनात, म्हणून दादानं तणनाशक मारलं, तेही उशिरा. "भाताला काय होत नाय," असं दुकानदार म्हणाला आणि ते खरंच होतं, भात झकास आलं. मागून येणाऱ्या वालाचं विचारायला मात्र कुणालाच सुचलं नाही. वाल उगवला तो वाकड्या, पिवळ्या पानांचा, आणि बघता बघता बसला. आईपासून राखत आलेलं बियाणं होतं ते! राखेत घोळवलेल्या दाण्यांचा एकच डबा उरला.

मातीतले बारीक जीव हे औषध खाऊन संपवतात, पण त्यांना ओल लागते, ऊब लागते. माती कोरडी पडली की काम थांबतं, असं कुणीतरी त्याला सांगितलं. झालं, दादा पेटला. खिडकीत दोन करवंट्या मांडल्या. एकीत शेतातली माती, दुसरीत औषध न लागलेली परसातली, आणि दोन्हींत मेथी. परसातली तरारायची, शेतातली फिकी पडायची. ती उपटून पुन्हा नवी माती, पुन्हा मेथी. भर उन्हाळ्यात हा गडी शेतात कळशीनं पाणी ओतायचा.

"मेलेल्या मातीला सलाईन लावतोस काय?" मी चिडवायचो.

"मेली नाय रं ती. जेवतेय. सावकाश जेवतेय."

यंदा दुखऱ्या गुडघ्यांनी त्यानं आणि वहिनीनं हातानं बेणणी केली. भात कापून झालं आणि दादा गेला. मला अजून त्याचा राग येतो. थोडं थांबला असता तर...

दिवसकार्यानंतर पाहिलं, दोन्ही करवंट्यांतली मेथी सारखीच हिरवी. "वहिनी, पेरूया. ओल चाललीय," मी म्हणालो. तिनं डबा मांडीवर घेतला, एकच दाणा काढला आणि शेतातल्या मातीच्या करवंटीत टोचला.

"आधी हितं बघू, भावजी. ह्यांनी बघितल्याबिगर मला धीर नाय होत."

काल तिचा फोन आला. "पानं सरळ हायेत." शेत तोवर वाळून भेगाळलं होतं. यंदा वाल नाही. डबा बंद आहे आणि करवंटीतला तो एकटा वेल खिडकीचा गज धरू पाहतोय.