काय दिसलं ते सांग

बाई गेल्या तेव्हा शाळेने शोकसभा घेतली. फोटोला हार घातला, माईक किंचाळला, आणि जो उठला त्याने "बाई फार छान होत्या" हेच आपापल्या आवाजात सांगितलं. मी मागच्या बाकावर दात आवळून बसले होते. ज्या बाईंना जन्मभर 'छान' या शब्दाची शिसारी होती, त्यांना निरोप द्यायला या शहाण्यांना दुसरा शब्द सापडला नाही. शेवटच्या वर्षांत बाईंची नजर गेली होती, हेही त्यांतल्या कुणाला ठाऊक नव्हतं. विचारायला कोण गेलं होतं? बाई तिथं असत्या तर म्हणाल्या असत्या, "छान म्हंजी काय? नाक छान का शिकवणं छान? बगितलंच न्हाई असं सांगा की सरळ!"

मेढ्याजवळच्या आमच्या शाळेत त्या विज्ञान शिकवायच्या. मूळच्या तासगावकडच्या. धडा शिकवताना पुस्तकासारखं शुद्ध बोलायच्या, पण राग आला की जीभ थेट तासगावच्या स्टँडवर उतरायची. मुलं त्यांना पाठीमागे 'काय-दिसलं बाई' म्हणायची. हातात पान द्यायच्या, पीस द्यायच्या, नाहीतर खडूचा तुकडा द्यायच्या आणि विचारायच्या, "काय दिसलं?" कुणी 'छान' म्हटलं की संपलंच. "छान दिसत नसतं गं. छान तुला वाटतं. तुला काय वाटतं ते घरी आईला सांग. इथं दिसलं ते सांग." निम्मा वर्ग या प्रश्नाला परीक्षेपेक्षा जास्त भ्यायचा.

शाळेत एक सूक्ष्मदर्शक होता. पितळी, भारी, कुणीतरी देणगी दिलेला. देणगीदाराचं नाव त्याच्यावर एवढ्या मोठ्या अक्षरांत होतं की ते वाचायला भिंगाची गरज नव्हती. तो मोठ्या सरांच्या खोलीत काचेच्या कपाटात असायचा आणि कपाटाला कुलूप. मुलं हाताळतील, मोडतील, अशी मोठ्या सरांना काळजी. मुलांनी हाताळावा म्हणून तो आणलाय, ही गोष्ट त्यांच्या डोक्यात कधी शिरली नाही. किल्ली नावाला बाईंकडे होती, पण कपाट उघडायचं तर सरांची परवानगी लागायची, आणि ती कधी मिळायची नाही. वर्षातनं एकदाच हा देव बाहेर यायचा, खंडेनवमीला. शिपाईमामांची कुदळ, कार्यालयातला संगणक, मैदानावरचे गोळे आणि सूक्ष्मदर्शक अशी एका सतरंजीवर पूजा मांडली जायची.

त्या वर्षी पूजेला संस्थेचे अण्णासाहेब आले होते. पूजा झाल्यावर मोठ्या सरांना हुक्की आली, की अण्णासाहेबांनी सूक्ष्मदर्शकातनं बघावं. बाईंनी घाईघाईत कांद्याचा पापुद्रा काचपट्टीवर लावून खाली सरकवला. वरचं भिंग पुसायला त्या वाकल्या, तर मोठ्या सरांनी हाताने बाजूला सारलं, "बाई, पाहुण्यांना बघू द्या." आणि वरच्या भिंगावर, जिथे डोळा लावायचा तिथे, सरांच्या सौभाग्यवतींनी कपाळ समजून ओलं कुंकू भरलेलं. अण्णासाहेबांनी डोळा लावला. "वा! वा! रक्ताच्या पेशी किती स्पष्ट दिसतात!" मग मोठ्या सरांनी बघितलं, त्यांनाही रक्त दिसलं. गणिताच्या सरांना दिसलं, पीटीच्या सरांना तर वाहताना दिसलं. जो मान वर करी त्याच्या डोळ्याभोवती लाल कडं, आणि एकाला दुसऱ्याचं कडं दिसतंय पण बोलायची सोय नाही. कांद्याला रक्त फोडणारी एवढी विद्वान माणसं मी पुन्हा एके ठिकाणी पाहिली नाहीत.

मग कौतुकाने एका मुलीला पुढे बोलावलं. आमच्या वर्गातली शबाना, गावातल्या टेलरची मुलगी. तिने बघितलं, मान वर केली, आणि म्हणाली, "बाई, काय बी दिसना. नुसतं लाल हाय. काचंवर काय तरी लागलंय."

बाई एवढ्या मोठ्याने हसल्या की अण्णासाहेबांच्या हातातला पेढा पडला. "शाब्बास! एवढ्या समद्यांत एका पोरीला डोळं हायत!"

दुसऱ्या दिवशी बाईंकडनं किल्ली काढून घेतली. नावापुरती होती, तीही गेली. शोकसभेत हेच मोठे सर 'छान' म्हणून झाल्यावर म्हणाले, की बाईंनी शाळेला दृष्टी दिली. मला उठून विचारावंसं वाटलं, कपाट उघडलं का हो अजून?

किल्ली गेल्यावर बाईंनी दोनचार दिवस जाऊ दिले. मग एका सकाळी त्यांनी पर्समधून एक काळी प्लास्टिकची डबी काढली. आगपेटीहून थोडी मोठी, एका टोकाला डोळा लावायची नळी, दुसऱ्या टोकाला इवलासा दिवा. जत्रेतल्या खेळण्यासारखी दिसायची, आणि किंमतही जवळपास तेवढीच. "खिशातला सूक्ष्मदर्शक," बाई म्हणाल्या. "ह्याला हार घालाय जागाच न्हाई, म्हणून घेतला."

शनिवारी सकाळची शाळा सुटली की ज्यांना यायचं त्यांना घेऊन बाई गावावरच्या सड्यावर जायच्या. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं काळ्या खडकाचं पठार. उन्हाळ्यात तिथे गुरंसुद्धा थांबत नाहीत, आणि श्रावणानंतर पाय ठेवायला जागा नाही एवढी बारीक फुलं. बाईंचा नियम एकच होता, "तोडायचं न्हाई. वाकायचं." साडीचा घोळ खोचून त्या स्वतः चिखलात गुडघे टेकायच्या आणि भिंग रोपावर धरायच्या. तिथेच मी पहिल्यांदा दवबिंदू नावाचं रोप बघितलं. बोटभर उंचीचं, लालसर. भिंगातनं बघितलं तर पानावर केस, केसाच्या टोकाला थेंब. "मोती!" मी ओरडले. "मोती? कुनाच्या बापानं ठेवल्यात? नीट बघ." नीट बघितलं तर एका थेंबात चिलटाचा पाय अडकलेला होता, आणि तो हलत होता. माझ्या अंगावर काटा आला. "चिकट आहे, बाई. ते चिलटाला धरतंय." बाई काहीच बोलल्या नाहीत, भिंग पुढच्या मुलीकडे दिलं. बाई गप्प बसल्या म्हणजे उत्तर बरोबर, हे आम्हाला माहीत होतं.

एकदा पावसाने सडा चुकला, तर बाईंनी वर्गातच भिंग फिरवलं. दाखवायला काही नव्हतं, म्हणून एकीच्या डोक्यातली ऊ काढून कागदावर ठेवली. ते डोकं माझं होतं. संध्याकाळी बातमी घरी पोचली आणि सकाळी माझी आई पदर खोचून शाळेत हजर. "आवं बाई, माज्या पोरीची ऊ समद्या वर्गाला दावली म्हनं तुमी?" मी मेल्याहून मेले. बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि शांतपणे म्हणाल्या, "तिची कुठली? माझ्या डोक्यातली होती ती." आई थंड पडली. जाताना उलट बाईंनाच कडुनिंबाचं तेल लावायला सांगून गेली. बाईंनी ऐकून घेतलं. ती गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पाय किती होते?" "सहा, बाई." "मग झालं तर."

सड्यावर हळूहळू पुण्या-मुंबईच्या गाड्या यायला लागल्या. फुलांकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढायचे आणि चिप्सची पाकिटं मागे टाकून जायचं, याला ते निसर्ग म्हणत. एकदा त्यातला एक गृहस्थ आमच्या प्लास्टिकच्या डबीकडे बघून हसला. "टॉय आहे ते, मॅडम. आमच्याकडे मुलासाठी मोठा घेतलाय, इम्पोर्टेड."

"व्हय? काय बगितलं त्यातनं?"

"अजून बॉक्समध्येच आहे. त्याला क्लासेसमधून वेळ मिळत नाही."

"कुलूप लावा त्येला," बाई म्हणाल्या, "आन् खंडेनवमीला कुंकू लावा."

मी पुढे लॅबचं शिक्षण घेतलं आणि सांगलीत नोकरीला लागले. दिवसभर काचपट्ट्या बघायच्या, दिसलं तेच लिहायचं, वाटलं ते नाही. डॉक्टर माझं कौतुक करतात, तेव्हा मला त्यांची गंमत वाटते. हे मी सड्यावर चिखलात गुडघे टेकून शिकले, त्यात त्यांच्या मशीनचं काय? निवृत्त झाल्यावर बाईही सांगलीत भाचीकडे राहायला आल्या आणि वर्षभरात त्यांचे डोळे गेले. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, पडद्याचा मधला भाग सुकतोय, उपाय नाही. "कडंचं दिसतंय," बाई मला म्हणाल्या. "मधलं न्हाई. ज्याच्याकडं बघावं तेच गायब. दाराची चौकट दिसती, दारातला मानूस न्हाई." भेटायला येणारे म्हणायचे, सगळं छान होईल. बाई कडेच्या नजरेने त्यांच्याकडे बघायच्या आणि चहाचं विचारायच्यासुद्धा नाहीत.

मी रविवारी जायचे. बाईंनी बशीत काहीतरी काढून ठेवलेलं असायचं. शेवग्याचं फूल, बेदाणा, पालीचं अंडं. उशाखालचं काळं भिंग माझ्या हातात द्यायच्या. "काय दिसलं?" मी सांगायचे आणि त्या डोळे मिटून ऐकायच्या. चुकीचा शब्द पडला की कपाळाला आठी. त्या बशीवर आता त्यांचं सगळं बघणं होतं, आणि ते माझ्या तोंडावर अवलंबून होतं. पॅथॉलॉजीच्या परीक्षेला मी एवढी घाबरले नव्हते.

त्या भाद्रपदात मी गावी गेले होते. येताना सड्यावर गेले, मातीच्या ढेकळासकट एक दवबिंदू उचललं आणि डब्यात घालून सांगलीला आणलं. बाईंनी बोट पुढे केलं, पानाला लावलं, मागे घेतलं. बोट चिकटलं. त्यांचा चेहराच बदलला.

"तोडलंस?"

"मुळासकट आणलंय, बाई. मातीसकट."

त्या बराच वेळ बोटाचा चिकटपणा अंगठ्याने चाचपत राहिल्या. मग म्हणाल्या, "बघ."

मी दिवा लावला, भिंग धरलं, डोळा लावला. लाल धूसर काहीतरी हललं, बस्स.

"काय दिसलं?"

"काही दिसत नाही, बाई."

"दिवा लावलास का?"

"लावलाय."

बाईंनी कान माझ्याकडे वळवला. माझा आवाज त्यांनी ऐकला होता. "मग डोळं पूस, आन् परत बघ," त्या म्हणाल्या. "माझ्यापायी तुझं बी आंधळं करून ठिवू नगंस."

मी ओढणीने डोळे पुसले. पुन्हा बघितलं. "पानावर लाल केस आहेत. कडेचे लांब, मधले आखूड. प्रत्येकाच्या टोकाला थेंब. थेंबात दिवा दिसतोय."

"दिवा? रोपाला कवापासनं दिवं लागाय लागलं?"

"या भिंगाचाच, बाई. थेंबात पडलाय. प्रत्येक थेंबात एक."

बाईंनी डोकं मागे टेकवलं. काहीच बोलल्या नाहीत. खूप वेळ काहीच बोलल्या नाहीत.

मग एकदम जाग आल्यासारख्या म्हणाल्या, "आता हे जिथनं उचललंस तिथं नेऊन लाव. रविवारची वाट बघत बसू नगंस, मरंल ते. उद्याच जा. आन् भिंग घेऊन जा, वाटंत सुकतंय का बघत ऱ्हा."

सोमवारी रजा टाकली. साताऱ्याहून मेढ्याच्या गाडीत डबा मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या काकू कधीपासून डब्याकडे बघत होत्या. शेवटी राहवेना, "काय हाय गं त्यात?" मी झाकण उघडलं, भिंग त्यांच्या डोळ्याला लावून दिलं.

"आगं बया!" काकू म्हणाल्या. "लय छान हाय की!"

"छान दिसत नसतं, काकू," मी म्हणाले. "काय दिसलं ते सांगा."

काकूंनी माझ्याकडे रागाने बघितलं. मग पदराने डोळा पुसला, आणि पुन्हा भिंगाला लावला.